गुळाचे चाळीस रवे आणि चार रात्रींची खाट : कोल्हापुरातला एक प्रकरण अभ्यास

जानेवारीतल्या एका सकाळी आमची मानसिक आरोग्याची टीम त्या पेठेतल्या घरी पोचली तेव्हा सोप्यात भिंतीला लावून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, रचले होते. दहा-दहा किलोचे चाळीस. आदल्या दिवशी मार्केट यार्डातून उधारीवर उचललेले. तालमीतल्या प्रत्येक पोराच्या घरी एकेक रवा पोचवायचा, असं दादांनी ठरवलं होतं. त्याशिवाय एका जुन्या टेम्पोला साठ हजारांचा बयाणा देऊन झाला होता. दादा घरात नव्हते. पहाटे तीनला उठून आंघोळ करून बाहेर पडले होते आणि वहिनी उंबऱ्यात मोबाईल हातात धरून बसल्या होत्या. "तीन रात्री झाल्या ताई, डोळ्याला डोळा न्हाई. त्यांचा बी आणि माझा बी."

गल्ली त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही तेच लिहिते. ओळख पटू नये म्हणून वय आणि कामाचे काही तपशील बदलले आहेत. दादा आणि वहिनी या दोघांनी हे लिखाण वाचून होकार दिला, मगच ते पुढे जातंय.

दादांचं वय 38. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीवर काम. आजार बायपोलर, म्हणजे काही आठवडे उन्मादाचे आणि मग काही महिने नैराश्याचे. घरी वहिनी, आई आणि आठवीतला मुलगा. मागच्या चार वर्षांत तीनदा ॲडमिट झाले होते, तेही दोन वेगवेगळ्या दवाखान्यांत. तिन्ही वेळा तालमीतल्या चौघांनी टॉवेलनं हात बांधून टेम्पोत घालून नेलं. तिन्ही वेळा वीस-बावीस दिवसांनी घरी सोडताना कागदावर एकच ओळ होती, "चार आठवड्यांनी ओपीडीत दाखवणे". चार आठवड्यांनी गेलं की समोर नवे डॉक्टर, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी कथा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गोळ्या बंद व्हायच्या, कारण एकतर बरं वाटायला लागलेलं असायचं किंवा वजन वाढलेलं असायचं. त्या वेळी विचारायला कुणीच नसायचं. दुसऱ्या ॲडमिशनला वहिनींच्या पाटल्या गुजरीतल्या सराफाकडे गेल्या, तिसऱ्याला बोरमाळ.

आपल्याकडे मानसिक आरोग्याची चर्चा बहुतेक वेळा उपचारच न मिळणाऱ्यांपाशी थांबते, आणि ते बरोबरच आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के लोक उपचाराबाहेर आढळले होते. पण दादा उरलेल्या 30 टक्क्यांतले. त्यांना उपचार मिळाले, तीनदा मिळाले, आणि तरी घर प्रत्येक वेळी थोडं अधिक खचत गेलं. माझ्या मते त्यांचं प्रकरण म्हणूनच बारकाईनं बघण्यासारखं आहे. औषध चुकलं नव्हतं. वॉर्ड आणि घर यांच्यामधल्या रस्त्यावर कुणी नव्हतं.

आमची टीम लहान आहे. एक मानसोपचारतज्ज्ञ, एक सिस्टर, मी सोशल वर्कर आणि आप्पा. आप्पा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना स्वतःला हाच आजार आहे, ते स्वतः दोनदा वॉर्डात राहून आलेत आणि आता कितीतरी वर्षं स्थिर आहेत. ऑफिसात एक पांढरा फळा आहे. ज्यांची घडी विसकटतेय त्यांची नावं फळ्यावर चढतात आणि रोज सकाळी साडेनऊला उभ्या उभ्या त्यांच्याबद्दल बोलणं होतं. ही कल्पना आमची नव्हे, नेदरलँड्समधली. तिथे दहा-बारा जणांची एक टीम साधारण दोनशे रुग्णांना वर्षानुवर्षं सांभाळते. त्यातल्या बहुतेकांना एका कार्यकर्त्याची अधूनमधूनची भेट पुरते. कुणाचं बिनसलं की त्याचं नाव फळ्यावर जातं, मग अख्खी टीम त्याच्या घरी जाऊ लागते, आणि सावरला की नाव उतरतं. रुग्णाला एका विभागातून दुसऱ्या विभागात ढकलायचं नसतं. वाढते आणि कमी होते ती टीमची ये-जा.

दादांचं नाव त्या सकाळी फळ्यावर गेलं.

पहिला प्रश्न अर्थातच ॲडमिट करायचं का, हा. मामा शिरोळ तालुक्यातून आले होते आणि त्यांचं मत पक्कं होतं, "हे बाहेरचं हाय, आधी नरसोबाच्या वाडीला न्हेऊया." तालमीतली पोरं टेम्पो काढायच्या तयारीत. वहिनींना दोन्ही नको होतं, पण तिसरं काही असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार माणसाची इच्छा नसताना त्याला दाखल करायचं तर कलम 89 खाली जावं लागतं. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, नामनिर्देशित प्रतिनिधीनं, म्हणजे रुग्णाच्या वतीनं बोलणाऱ्या माणसानं, अर्ज द्यायचा, आणि तेही 30 दिवसांपर्यंतच. हा रस्ता हाताशी होता. पण दादांनी कुणाच्या अंगावर हात टाकला नव्हता, जीव द्यायची भाषा नव्हती, आणि दुपारी घरी आल्यावर डॉक्टरांनी पुढे केलेली गोळी त्यांनी वाद घालत का होईना घेतली. तेव्हा घरीच करून बघायचं ठरलं. एका अटीवर : सकाळी एक भेट आणि संध्याकाळी एक.

घरी उपचार म्हणजे गोळ्या देऊन परत येणं नव्हे. त्या पहिल्या दिवसात आम्ही केलेली निम्मी कामं कुठल्याच प्रिस्क्रिप्शनवर येत नाहीत. मोटरसायकलची किल्ली आईंच्या ट्रंकेत गेली. मोबाईलवरून पैसे पाठवायची रोजची मर्यादा दादांसमोर, त्यांच्याच हातानं कमी करून घेतली. मुलाला आठ दिवस आक्कांकडे कसबा बावड्याला पाठवलं. टेम्पोवाल्याला फोन करून व्यवहार थांबवला. गुळाच्या व्यापाऱ्याकडे मी आणि मामा दोघे गेलो. भला माणूस, तेहतीस रवे परत घेतले. सात तोवर वाटून झाले होते. आणि कालनिर्णयच्या रोजच्या चौकटीत वहिनी पेन्सिलीनं दादांच्या झोपेचे तास लिहू लागल्या. दोन. अडीच. चार. पाच. डॉक्टर घरात शिरले की आधी त्या भिंतीपाशी जायचे.

रक्ताचे रिपोर्ट आले, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉईड ठीक. चौथ्या दिवशी, उन्माद शमवणाऱ्या रात्रीच्या ऑलान्झापिनच्या गोळीसोबत, मनाचे चढउतार आवरणारं लिथियम सुरू झालं.

सहाव्या दिवशी चौकटीत शून्य होतं. आदल्या रात्री सोसायटीच्या कर्जावरून दादा आणि मामा यांच्यात शब्दाला शब्द लागला, आणि दादा रात्रभर सोप्यात येरझारा घालत राहिले. सकाळी सिस्टर गेल्या तेव्हा वहिनी चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगत होत्या, तव्यावरची भाकरी जळत होती. सिस्टरनी तिथूनच फोन केला, "दादांपेक्षा मला वहिनींची काळजी वाटतेय."

फळ्यापुढे आमच्यात थोडा वाद झाला. घरीच करायचं म्हणून आपण घराला ताणतोय का? मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की "घरीच" हा हट्टसुद्धा "वॉर्डातच" या हट्टाइतकाच आंधळा होऊ शकतो. घरात माणसं राहतात, आणि त्यांनाही झोप लागते. वॉर्डात खाट घ्यायची ठरली, चार रात्रींसाठी. पण न्यायचं कसं? टॉवेल आणि टेम्पो दादांच्या मनात घट्ट बसलेले.

त्या दिवशी आप्पा गेले. सोप्यात दादांच्या शेजारी बसले, बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी बी तिथनं आलोय गड्या. चार रात्री झोप काढ आणि ये."

दादांनी विचारलं, "बांधून न्हेणार न्हाई न्हवं?"

"रिक्षानं जाऊ. तू, मी आन् वहिनी. सकाळी च्याला मी येतो की तिथं."

दादा स्वतःच्या पायांनी रिक्षात बसले. फॉर्मवर सही त्यांची स्वतःची, कलम 86 खालची, स्वेच्छेची. सिस्टर रोज दुपारी वॉर्डात जायच्या, आप्पा सकाळी, आणि औषधं तीच चालू राहिली कारण डॉक्टर तेच होते. वहिनी पहिल्या रात्री सलग अकरा तास झोपल्या. पाचव्या दिवशी दादा घरी आले आणि कालनिर्णयमध्ये पुन्हा पेन्सिल सुरू झाली. सहा. साडेसहा. सात.

ती खाट दादांसाठी होती, तितकीच वहिनींसाठी होती. असं कुठल्या फाईलमध्ये लिहिलं जात नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

आता पैशाचं. त्या चार रात्रींचं बिल झालं. खाट, औषधं, डॉक्टरांची व्हिजिट, सगळ्याला रकाना होता. पण मामांसोबत गुळाच्या पेढीवर घालवलेली दुपार, सोप्यात गप्प बसलेले आप्पा, रोजच्या दोन भेटी यांना रकाना नव्हता. कायद्याच्या कलम 21 मध्ये विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असं म्हटलंय, पण विम्याचा पैसा मुख्यतः दाखल झालेल्या माणसामागे जातो. जिथे खाटेला पैसे मिळतात तिथे माणूस खाटेवर जातो, यात कुणाचा दुष्टपणा नाही.

जर्मनीत हाच पेच सोडवायचा प्रयत्न झाला. इत्झेहो या गावातल्या मानसोपचार विभागाला 2003 पासून वर्षाची एक ठरलेली रक्कम मिळू लागली. ती वॉर्डात खर्च करा, दिवसाच्या केंद्रात करा नाहीतर रुग्णाच्या घरी जाऊन करा, निर्णय टीमचा. खाट रिकामी राहिली म्हणून तोटा नाही आणि घरी गेलं म्हणूनही नाही. 2012 च्या कायद्यानं देशभर असे प्रयोग करायला वाट मोकळी केली, आणि 2018 पासून तिथली रुग्णालयं वॉर्डातल्या इतकाच दाट उपचार रुग्णाच्या घरी देऊ शकतात. आपल्याकडे एवढा पैसा नाही हे मला मान्य आहे. पण प्रश्न रकमेचा तितका नाही, जितका ती कशाला बांधलीय याचा आहे.

आणि हे फक्त परदेशातलं नाही. आपल्या शेजारी साताऱ्यात, तसंच गोव्यात आणि तमिळनाडूत, स्किझोफ्रेनिया असलेल्या 282 जणांवर झालेला अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. काहींना फक्त दवाखान्यातला उपचार, तर बाकीच्यांना त्यासोबत गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या घरभेटी. वर्षभरानंतर दुसऱ्या गटातल्यांची लक्षणं आणि परावलंबन थोडं अधिक उतरलेलं होतं. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण होता, आणि भेटी देणारे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते.

मार्चमध्ये दादा कामावर परतायला निघाले. थर्ड शिफ्ट या आजारात विषासारखी, कारण झोप मोडली की उन्माद वर येतो. फाउंड्रीत काय सांगायचं यावर आमची दोन बैठका चर्चा झाली. माझं म्हणणं होतं की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो, तेव्हा खरं सांगून शिफ्ट बदलून मागूया. दादा म्हणाले, "झोपेचा आजार हाय म्हणतो. एवढंच." मला ते पटलं नाही, पण आयुष्य त्यांचं आणि खातंही त्यांचं. डॉक्टरांनी रात्रपाळी नको असं पत्र दिलं, सुपरवायझरनं ते मानलं. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड मात्र इतकी वर्षं कपाटात पडून होतं. आजारपणात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के भत्ता मिळतो, आणि तो मानसिक आजारालाही लागू आहे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आधीच्या तीन ॲडमिशनला हे कुणी सांगितलं असतं तर बोरमाळ कदाचित राहिली असती.

एप्रिलमध्ये आम्ही चुकलो. ही चूक सविस्तर सांगायला हवी.

दादांचं नाव फळ्यावरून उतरलं होतं, भेट पंधरा दिवसांनी एक. लिथियमची रक्तातली पातळी 0.8, अगदी हवी तिथे. एका संध्याकाळी वहिनींचा सिस्टरना फोन आला, "ह्यांच्या हातातली बशी हलाय लागलीया. च्या सांडतोय. पोट बी बिघडलंय कालपास्नं." सिस्टरनी एकच विचारलं, चालताना झोक जातोय का? जात होता. त्याच रात्री रक्त तपासलं तर लिथियम 1.7. दीडच्या वर गेलं की ते औषध विष होऊ लागतं.

झालं होतं असं. कडक ऊन आणि समोर भट्टी, त्यामुळे आठ तास घामाच्या धारा. कंबर धरली म्हणून गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक लिहून दिलं. आणि मामांनी बीपीच्या भीतीनं सांगितलं, मीठ तोडा. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या बघितल्या तर साध्या. पण मूत्रपिंड लिथियम आणि मीठ यांना जवळजवळ सारखंच वागवतं. घामातून आणि अळणी जेवणामुळे शरीरातलं मीठ कमी झालं की मूत्रपिंड मीठ राखून ठेवायला लागतं, आणि त्यासोबत लिथियमही राखतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांमुळे लिथियम बाहेर पडणं आणखी मंदावतं. तिन्ही एकाच आठवड्यात जुळून आलं.

लिथियम थांबवलं, एक दिवस सलाईन, क्रिएटिनीन दोनदा बघितलं. मूत्रपिंडाला धक्का बसला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी फॅमिली डॉक्टरांना भेटायला गेले तेव्हा ते खरोखर दुखावले होते. "मला कुणी सांगितलं असतं तर मी पॅरासिटामॉल दिलं असतं. माझ्याकडे हे कुटुंब बावीस वर्षं येतंय." त्यांचं बरोबर होतं. आम्ही वहिनींशी बोललो, मामांशी, तालमीशी, सुपरवायझरशी, गुळाच्या व्यापाऱ्याशीसुद्धा बोललो. या माणसाला बावीस वर्षं तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोललो नव्हतो. मन आणि शरीर एकत्र बघायचं म्हणणाऱ्या टीमकडून हे व्हावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता दादांच्या पाकिटात मराठीत लिहिलेलं एक कार्ड असतं : मी लिथियम घेतो. मला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नये. जुलाब-उलट्या होत असतील तर आधी या नंबरवर फोन करावा. जेवणातलं मीठ अचानक कमी-जास्त करू नये. दर तीन महिन्यांनी पातळी तपासायचं रक्त फॅमिली डॉक्टरांच्याच दवाखान्यात काढलं जातं, सकाळी, रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी. दादा भट्टीवरून कोअर शॉपला, म्हणजे साच्यांचे वाळूचे गाभे बनवतात तिथे गेले, पगार थोडा कमी झाला. लिथियम कमी डोसवर पुन्हा सुरू आहे.

मामांना वाडीला जायचंच होतं. मे महिन्यात सगळे गेले. आमचं म्हणणं एवढंच की गोळ्यांची डबी पिशवीत ठेवा आणि उपास निर्जळी करू नका. दर्शन झालं, पेढे आले, मामा खूश. श्रद्धा आणि लिथियम यांतलं एकच निवडा, असं घराला सांगायची गरज मला कधी पडलेली नाही.

पावसाळ्यात नैराश्य आलं. ते थरथरणाऱ्या बशीसारखं दिसत नाही. दादा कामाला जायचे, यायचे, भिंतीकडे तोंड करून झोपायचे. वहिनींच्या पेन्सिलीनं दहा, अकरा असे तास लिहिले, आणि त्यावरूनच आम्हाला कळलं. भेटी पुन्हा आठवड्यातून दोन झाल्या. मी थेट विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का?" बराच वेळ गेला. मग म्हणाले, गुळाची उधारी डोक्यातून जात नाही, तालमीत तोंड दाखवावंसं वाटत नाही. मरायचे विचार येतात पण करणार काही नाही. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मुलानं भिंतीवर लिहिला. आप्पा पहाटे रंकाळ्याला त्यांना फिरायला नेऊ लागले. उरलेल्या सात रव्यांचे पैसे दादांनी पगारातून दोन हप्त्यांत फेडले, स्वतः यार्डात जाऊन. औषधाच्या डोसइतकाच याचाही उपयोग झाला असावा.

ऑक्टोबरमध्ये दादांनी आपलं पूर्वनिर्देशपत्र लिहिलं. माणूस बरा असताना, पुढे आजार उफाळला तर माझ्यावर कसे उपचार करा आणि कसे करू नका, हे त्यानं लिहून ठेवायची सोय कायद्यात आहे. वहिनींना त्यांनी नामनिर्देशित प्रतिनिधी केलं. मजकूर त्यांचाच, माझं काम फक्त बसून ऐकायचं होतं. "दोन रात्री झोपलो नाही तर सिस्टरना फोन करा. तीन रात्री झाल्या तर खाट घ्या, मी नको म्हणालो तरी. हात बांधू नका. तालमीतल्या पोरांना बोलवू नका, आप्पांना बोलवा. रिक्षानं न्या. मुलाला आक्कांकडे पाठवा, पण त्याला खरं सांगून पाठवा."

ती शेवटची ओळ लिहिताना मुलगा सोप्यातच होता. आम्ही निघालो तसा तो माझ्यामागे पायरीपर्यंत आला आणि हळूच विचारलं, "मला पण होणार काय हे?"

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. सांगितलं की आईवडिलांपैकी एकाला असेल तर इतरांपेक्षा शक्यता जास्त असते, हे खरं आहे. पण अशा शंभर मुलांतल्या साधारण नव्वदांना तो होत नाही. झोप सांभाळायची, गांजा-दारूच्या वाटेला जायचं नाही, आणि काही वेगळं वाटलं तर लपवायचं नाही.

तो थोडा वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, "मग रात्री साडेबाराची मॅच बघायची का न्हाई?"

आठवड्याला एक, आणि दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी असेल तरच, असं आमचं ठरलं.